नाळेची दिशा

दगडाला आधी आंघोळ घालावी लागते.
मऊ ब्रश, दोन बादल्या पाणी, साबण नाही.
राजविजय टॉवरच्या वॉचमनने नळ सोडला
आणि विचारलं, बाई, देव धुताय का?
मी म्हटलं, वीरगळ आहे.
तो म्हणाला, तेच.

शेंदराचे थर किती, मोजले नाहीत.
परवाचा अजून बोटाला लागतो,
त्याखाली विटकरी, त्याखाली काळपट.
तासायची परवानगी नाही. मी फक्त ठसे घेते,
एकवीस वर्षं, बोरिवलीपासून चौलपर्यंत,
मेलेल्यांचे.

हातकागद भिजवायचा, दगडावर पसरायचा,
घोड्याच्या केसांच्या ब्रशने ठोकत जायचं,
ढेकर काढायला बाळाला थोपटतात तसं,
मधून कडेकडे, बुडबुडा न ठेवता.
मग शाईची पोटली.
उंच ते काळं. खोल ते पांढरं.

सगळ्यात वर चंद्रसूर्य, त्यांना काही झालेलं नाही.
मधल्या पट्टीत वीर पिंडीपुढे बसलाय,
पण इतक्या पिढ्यांनी त्याच्या तोंडाला हात लावून
तो हात आपल्या कपाळाला लावलाय
की तोंड उरलेलं नाही.
कागदावर नुसता काळा गोळा आला,
नाक नाही, डोळे नाहीत.
भक्तीने घासून नेला माणूस.

खालची पट्टी मात्र कालपर्यंत मातीत होती.
गटाराच्या पाइपसाठी खणलं तेव्हा उघडी पडली.
पाच होड्या. वल्ही एकेक वेगळं मोजता येतं.
एकाने दात आवळलेत, तेही दिसतं.

ऑफिसात माझ्या टेबलामागे ताम्रपटांची कपाटं आहेत.
त्यांत राजे कधीच हरत नाहीत.
प्रत्येकजण पश्चिम समुद्राचा स्वामी,
प्रत्येकाच्या घोड्यांनी त्या समुद्राचं पाणी प्यायलेलं,
(खारं पाणी, घोडे, कोणी विचारलं नाही)
प्रत्येकाने शत्रूच्या बायकांच्या बांगड्या फोडलेल्या.
बांगड्यांचा आकडा मात्र कुठे कोरलेला नाही.

कागद वाळायला ऊन लागतं, वेळ लागतो.
तेवढ्यात बस्त्याव किणी आला, गोराईचा,
सोसायटीत दारोदार बोंबील देतो.
टोपली उतरवली, उकिडवा बसला,
बराच वेळ काही बोलला नाही.
मग बोट कागदापासून वीतभर लांब धरून म्हणाला,
ही सुकती हाय.

कशावरून?

वल्ही बघा. चिखलात रेटल्यागत धरलीत.
भरतीला आसा वाकत नाय कोन.
आन बाये, सुकतीला लढाईला कोन जातं?
हे लढाईला जात नाय.
हे घरा परततान.

मी म्हटलं, तलवारी उपसलेल्या आहेत, मामा.
तो म्हणाला, म्यान हरवली आसतील.

वारा आला. कागदाची एक कड सुटली,
मग आपोआप सगळा कागद अंगातून
दगडाचा आकार न सोडता हातात उतरला.
वाळलेला ठसा उचलताना तो बोलतो थोडा,
कांद्याच्या सालीसारखा.
काखेत नळकांडं करून बसमध्ये उभी राहिले,
पाच होड्या, चंद्रसूर्य आणि एक काळा गोळा.

फॉर्मवर रकाने ठरलेले असतात.
शिल्पाचा विषय: नौयुद्ध. लिहिलं.
राजवंश: अनिश्चित. लेख: नाही.
विजेता: हा रकाना का ठेवलाय माहीत नाही, रेघ मारली.
नाळेची दिशा.
इथे पेन थांबलं. शाई सुकेपर्यंत थांबलं.
लिहिलं: घराकडे.

रेगुंडवार साहेबांनी चष्मा वर केला, हसले नाहीत,
लाल पेनाने खोडून वर लिहिलं: पश्चिम.

गोराई पश्चिमेलाच आहे.
मी वाद घातला नाही.